सुंद्रीच्या भिंतीपलीकडचा स्टुडिओ

माझ्या बेंजोबद्दल तुम्ही ऐकलं नसेल तर तुम्ही कोल्हापूरच्या बाहेरचे असणार, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. महापुरात शिरोळला पाहुण्यांच्या गच्चीवर अडकलो होतो, तेव्हा वेळ जाईना म्हणून बेंजो काढला, तर भोवतीच्या पाण्यातल्या समस्त बेडकांनी ठेका धरला. आम्हाला न्यायला आलेली बोट गाणं संपेपर्यंत बाजूला उभी राहिली. बोटवाला म्हणाला, "आनि एक होऊंद्या की पावणं, डिझेल हाय अजून." खोटं वाटत असेल तर शिरोळला जाऊन विचारा. बेडूक आता हयात नसतील, ती गोष्ट वेगळी.

पण सांगायचं आहे ते सुंद्रीचं. सुंद्री म्हणजे आमच्या पेठेतल्या गणपतराव गवळ्यांची म्हैस. आमचा स्टुडिओ जाता जाता राहिला तो तिच्यामुळं.

हा स्टुडिओ गणपतरावांच्या गोठ्याला लागून, कडब्याच्या खोलीत. त्यांचा मुलगा धैर्यशील दुपारपाळीला फौंड्रीत जातो आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवतो. त्यानं एकेक वस्तू जमवली: लॅपटॉप, माईक, हेडफोन, स्पीकर आणि माईकचा आवाज लॅपटॉपात नेणारी लाल दिव्याची डबी, तिला इंटरफेस म्हणतात. बाकीचं सगळं घरचं. गाताना तोंडातला वारा माईकवर आदळू नये म्हणून माईकपुढं दूध गाळायचं फडकं रिंगेवर ताणून लावलेलं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना कडब्याच्या पेंढ्या उभ्या बांधलेल्या. आतला आवाज घुमू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात सरकी पेंडीची पोती. मुंबईच्या स्टुडिओत यासाठी परदेशी फोम लावतात म्हणे. फोमला वास येत नाही, एवढाच फरक.

अडचण अशी, की आमच्या भिंती म्हशी खायच्या. पेंड संपत आली की माझा बेंजो विहिरीत पडल्यासारखा वाजायचा आणि नवी पोती आली की पुन्हा खणखणीत. पेंडीची गाडी कधी येणार याची वाट म्हशींपेक्षा मीच जास्त बघायचो. त्यात फळ्यांच्या पार्टिशनपलीकडं सुंद्री बांधलेली. फटीतून जीभ घालून घालून तिनं आमची अर्धी भिंत फस्त केली होती, आणि पुढं पुढं तर एक फळी सरकवून ती तोंडच आत घालून बसायची. श्रोता म्हणून चांगली. मध्येच उठून गेली, असं कधी झालं नाही.

आम्ही रोज सकाळी जमायचो. गिटारला धैर्यशील, बेंजोला मी, म्हणजे कृष्णात, या पोरांचा मामा, आणि गायला क्रांती. क्रांती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. कुणी बेसूर झालं की ती अशी बघते, की माणसाला आपला नंबर वाढल्याचं तिथंच कळतं. गाणं एकच, धैर्यशीलनं स्वतः बांधलेलं. वर्षभर आम्ही तेवढंच रेकॉर्ड करत होतो आणि एकदाही शेवटाला पोचलो नव्हतो.

कारण गणपतराव. आम्ही रंगात आलो, की बाहेर त्यांची मोटरसायकल सुरू व्हायची. फट् फट् फट् फट्! तिचा सायलेन्सर त्यांनी कधीचाच काढून माळ्यावर टाकलेला. आता कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची मिरवणूक असते, हे काही नव्यानं सांगायला नको. म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, मोरपिसं खोवून आणायच्या. मालक सायलेन्सर काढलेल्या गाडीवर पुढं आणि म्हैस त्या आवाजामागं पळत. जिची धाव शेवटपर्यंत तुटत नाही तिच्या मालकाला मानाचा फेटा. सुंद्रीला तो आवाज पाठ राहावा म्हणून गणपतराव दूध घालायला निघताना गोठ्याच्या दारात गाडी फुरफुरवत ठेवायचे, आणि नेमकी तीच आमची वेळ.

"आबा, थांबा की जरा!" धैर्यशील आतून ओरडायचा. "रेकॉर्डिंग चाललंय!"

"दूध थांबत न्हाय, धैर्या," बाहेरून उत्तर यायचं. "गिऱ्हाईक चहाचं आधण ठिवून बसलंय. तुझं गाणं काय आधणात टाकायचं हाय?"

मग धैर्यशील लॅपटॉपवर बसून गाण्यातली फटफट पुसायचा. पुसता पुसता गिटार पुसली जायची, क्रांती पुसली जायची, राहायचा तो माझा बेंजो. तो पुसणारं यंत्र अजून निघायचंय.

दसऱ्याला गणपतराव खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "वरीस झालं, एक गाणं भाईर आलं न्हाय. पाडवा झाला की खोलीत कडबा भरायचा. शेतातनं गाडी येणार हाय."

"आबा, मग आम्ही कुठं जायाचं?"

"नदीवर जावा. तितं बेडकं हायत, मामाच्या वळखीची."

हे मात्र माझ्या वर्मी लागलं. जाणार कुठं, हा प्रश्न खराच होता. क्रांती भाड्याच्या घरात राहते, तिथं खाली मालक. माझ्या घरी सून वर्क फ्रॉम होम करते, आणि तिच्या मीटिंगमध्ये एकदा माझा बेंजो गेला तर पलीकडच्या साहेबानं लग्नाच्या शुभेच्छा दिल्या. खोली गेली की बँड गेला. त्या दिवशी धैर्यशीलनं गिटारचा एक सूर तीनदा चुकवला आणि क्रांतीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी गणपतरावांची गाडी बसली. पिस्टन जाम. मिस्त्री म्हणाला, "आबा, सामान दिवाळी झाल्यावर येतंय."

गणपतराव दुधाच्या पालथ्या कॅनवर बसून राहिले. पेठेतल्या पोरांनी आपापल्या गाड्या आणून गोठ्यापुढं फुरफुरवल्या. सुंद्रीनं त्यांच्याकडं विमा एजंटाकडं बघावं तसं बघितलं आणि रवंथ चालू ठेवलं.

"गेला फेटा," गणपतराव म्हणाले. "चार वरसं डोक्यावर हुता."

धैर्यशील खोलीतून बाहेर आला. हातात लॅपटॉप. "आबा, तुमची गाडी हाय माझ्याकडं."

"कुटं हाय?"

"हितं. वर्षभराची. रोजची." त्यानं बटण दाबलं आणि स्पीकरमधून गाडी सुरू झाली. गणपतराव उडून उभे राहिले आणि त्यांनी खिशात किल्ली चाचपली.

"सुंद्री ह्याच्यामागं पळाली तर खोली आमची," धैर्यशील म्हणाला.

"पळाली तर तुझी. न्हाय पळाली तर आजच कडबा भरायचा. बोल."

"बोललो की."

पण सुंद्री हलेना. नुसता कान हलवून खाली बसायला लागली. गणपतराव खोलीतली पोती मोजल्यासारखं बघायला लागले. तेवढ्यात क्रांती म्हणाली, "थांबा आबा. धैर्या, तू गाणं पुसून नुसत्या गाडीचा आवाज लावलाईस. न पुसलेला लाव. वर्षभर सुंद्री गाडी आणि आपलं गाणं एकत्रच ऐकत आलीया. नुसती गाडी म्हणजे हिला बिनमिठाची आमटी."

न पुसलेलं लावलं. गिटार, बेंजो, क्रांतीचा आवाज आणि त्यात फटफट. सुंद्री अशी ताडकन उठली, की दावं तुटलं. दोन पावलं, चार पावलं, दारापर्यंत आली, आणि स्पीकरमधून धैर्यशील ओरडला, "आबा, थांबा की जरा!" सुंद्री थांबली.

सगळी रेकॉर्डिंगं तशीच होती. प्रत्येकाच्या मध्यावर "आबा, थांबा की!" आणि पुढं शांतता.

"मग वाजवायला लागंल," मी म्हणालो. "टेम्पोत बसून. गाडी लॅपटॉपातली, गाणं आपलं. शेवटापर्यंत."

"मामा, शेवटापर्यंत आपण एकदा तरी वाजवलंय का?" क्रांती म्हणाली.

"म्हणूनच मजा हाय."

मला भीती वाटली नाही. ज्यानं बेडकं सांभाळली त्याला म्हैस काय जड?

पाडव्याला टेम्पोचं मागचं फाळकं उघडून आम्ही तिघं आत बसलो. बॅटरीवर स्पीकर, थेट त्यालाच जोडलेला माईक, मांडीवर लॅपटॉप, आणि स्पीकर पडू नये म्हणून त्याला मिठी मारून स्वतः गणपतराव. मागं सुंद्री, शिंगं गुलाबी, कपाळावर मोरपीस. आजूबाजूला वीस-पंचवीस गाड्यांचा दणदणाट. लोक ओरडायला लागले, "गणपतराव, गाडीला गायिका कवा बसवली?" "अवो, मायलेज किती देती?"

"वाजवा रं," गणपतराव पुटपुटले.

धैर्यशीलनं चार टोले दिले. क्रांतीनं आवाज लावला. लॅपटॉपातली गाडी सुटली आणि सुंद्री निघाली. काय निघाली म्हणून सांगू! तिच्या खुरांचा ठेका इतका पक्का, की मी तिच्याकडं बघून वाजवत होतो. पहिलं कडवं झालं. आम्ही रोज जिथं थांबायचो ती जागा आली आणि गेली. त्यापुढचा रस्ता आम्हाला तिघांनाही नवा होता. धैर्यशीलच्या कपाळावर घाम, पण बोटं अशी चालली होती, की फौंड्रीतल्या लोखंडालाही सूर लागला असता.

तेवढ्यात गतिरोधक आला. टेम्पो उडाला, लॅपटॉप उडाला आणि बंद पडला. गाडी गेली. राहिलं नुसतं गाणं. सुंद्रीचे पाय मंदावले. बाजूच्या म्हशी पुढं निघाल्या. धैर्यशील बटणं दाबत होता, लॅपटॉप ढिम्म.

"थांबू नका!" क्रांती गाता गाता डोळ्यांनीच म्हणाली.

आणि गणपतरावांनी स्पीकर सोडला, क्रांतीच्या हातातला माईक आपल्याकडं ओढला, गाल फुगवले आणि सुरू केलं, "फट् फट् फट् फट्! फट् फट् फट् फट्!"

काय सांगू तुम्हाला! तीच गाडी. चढावरची धाप तीच, गिअर बदलतानाचा झटका तोच. आणि बरोबर समेवर. त्या माणसानं वर्षभर दारात उभं राहून आमचं गाणं आमच्यापेक्षा जास्त ऐकलं होतं! क्रांतीनं त्यांच्या खांद्यावरून त्याच माईकमध्ये तोंड घातलं आणि शेवटचं कडवं उचललं. सुंद्रीनं शेपूट वर केलं आणि सुसाट सुटली. पुढच्या म्हशी मागं पडल्या, गाड्या मागं पडल्या, शेवटी ती टेम्पोच्याही पुढं गेली आणि आम्हालाच तिच्या मागं वाजवत जावं लागलं. टेम्पोवाला म्हणतो, काटा ऐंशीवर होता. मी नव्वद बघितला, पण बेंजोकडं लक्ष असल्यामुळं भांडलो नाही.

गाणं संपलं तेव्हा सुंद्री परत फिरून आली आणि पुढचे दोन पाय टेम्पोच्या फाळक्यावर ठेवून उभी राहिली. फेटा गणपतरावांना बांधला. त्यांनी तो काढून धैर्यशीलच्या डोक्यावर ठेवला. जरा मोठा झाला, कानावर आला.

"खोली तुझी," ते म्हणाले. "पन एक सांगू? दुसऱ्या कडव्यात तुझी गिटार मागं पडतीया."

गाडी आता दुरुस्त झाली आहे. तरी सकाळी ती ढकलत कोपऱ्यापर्यंत नेतात आणि तिथं सुरू करतात. दूध घालून आले, की हातपाय धुऊन खोलीत. दूध गाळायच्या फडक्यापुढं त्यांची जागा ठरलेली आहे, सुंद्रीच्या तोंडाशेजारी.

परवा गाण्याचं शेवटचं रेकॉर्डिंग होतं. पेंडीची नवी पोती आलेली, बेंजो खणखणीत. क्रांती शेवटच्या कडव्यात शिरली, गणपतरावांनी गाल फुगवले, आणि बाहेर कुणीतरी गाडी सुरू केली.

गणपतराव हेडफोन फेकून बाहेर धावले. "ए! कोन हाय रं त्यो? रेकॉर्डिंग चाललंय, ऐकू येत न्हाय व्हय?"

समोरच्या गल्लीतला विजयसिंह होता, हँडलला दुधाचे कॅन.

"दूध थांबत न्हाय, आबा," तो म्हणाला.

गणपतरावांनी त्याच्या गाडीची किल्ली काढून घेतली आणि खिशात टाकली. "थांबतंय," ते म्हणाले. "आत ये. दाराशी बूट काढ. आनि बसायचं तर म्हशीच्या शेजारी बस, पुढची जागा माझी हाय."