हिमालयाचं तीर्थ

राळेगावात मे महिन्यात बर्फ म्हटलं की लोकांना गोळेवाला आठवतो. त्यामुळे नीळकंठराव कौतुकानं सांगायचे, "आमची ऋचा बर्फावर संशोधन करून राह्यली," तेव्हा समोरचा हमखास विचारायचा, "कोणता फ्लेवर?"

तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला हे फार लागायचं. ऋचा उत्तराखंडातल्या एका संस्थेत होती. हिमनदीवर चढायचं, बर्फ खणायचा आणि त्यात काय काय घाण मिसळली आहे ते तपासायचं, हे तिचं काम. बाबांच्या डोक्यात त्यातला फक्त हिमालय शिरला होता. घाण बाहेरच राहिली होती.

यंदा ती घरी आली ती थंडी टिकवणारी निळी पेटी घेऊन. पेटीत बर्फाच्या सीलबंद पिशव्या होत्या. त्या नागपूरच्या प्रयोगशाळेत द्यायच्या होत्या, पण गाडी उशिरा पोचली आणि प्रयोगशाळा सोमवारशिवाय उघडणार नव्हती. घरच्या फ्रिजचा भरवसा नाही, लाइटचा त्याहून नाही. म्हणून पेटी बसस्टँडजवळच्या जलालभाईंच्या आइस्क्रीमच्या दुकानात, मोठ्या डीप फ्रीझरमध्ये गेली. जलालभाईंची मुलगी गझाला ऋचाची शाळेपासूनची मैत्रीण.

रविवारी नीळकंठरावांनी सत्यनारायण ठेवला होता. आरतीपर्यंत येते म्हणून ऋचा गझालाच्या घरी गेली आणि इकडे बाबांच्या मनात आलं, लोक गंगेचं पाणी बाटलीतून आणतात. आपल्या पोरीनं तर गंगेचं माहेरच उचलून आणलं आहे. ते तडक दुकानात गेले.

"जलालभाई, त्या पेटीतली एक पिशवी द्या."

"ऋचा बेटीनं सांगितलं, कोणाले हात लावू देऊ नका."

"मी कोणी आहो का? मी बाप आहो तिचा."

"बापाचं तर नाव घेऊन सांगितलं तिनं."

नीळकंठराव नोकरीत कधी बोलले नसतील इतकं सफाईनं खोटं बोलले, "आत्ताच फोन आला तिचा. तिनंच मागवली." जलालभाईंनी जिवावर आल्यासारखं करत एक पिशवी काढून दिली.

पूजा आटोपली. पितळी पातेल्यात बर्फ ओतला तसे सगळे पुढे सरकले. चारुदत्त गुरुजी म्हणाले, "साक्षात कैलास!" आणि पहिलं पाणी सुटताच पहिली पळी त्यांनी स्वतःच घेतली. दुसरी विजयमालाताईंनी. त्यांचं बसस्टँडसमोर बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं कृषी केंद्र आहे, आणि गावात कुठल्याही रांगेत त्या दुसऱ्या नंबरच्या मागं उभ्या राहत नाहीत. मग मानाप्रमाणे बाकीचे. शिरा वाढून दमलेली ऋचाची आई कुंदाबाई पदराला हात पुसत सगळ्यात शेवटी आली, तेव्हा पातेल्याच्या तळाशी काळपट चिखलासारखं काहीतरी उरलं होतं. तिनं नमस्कार करून तेही चाटलं.

ऋचा गझालाला घेऊन दारात आली ती नेमकी तेव्हा. पाटावर रिकामी पिशवी पडली होती. पिशवीवर ऋचाच्याच अक्षरातला नंबर.

"बाबा, हे काय केलं?"

"अवं, तीर्थ वाटलं. सगळे धन्य झाले."

"त्यात डिझेलची काजळी आहे, बाबा! पारा आहे, कारखान्यांच्या धुराचं आम्ल आहे, फवारणीचं औषध आहे. तेच मोजाले आणला होता मी तो!"

गुरुजींचा हात गळ्याकडे गेला. विजयमालाताईंनी विचारलं, "हिमालयात काहून फवारन कोनी? तिथं कुठं कपाशी आहे?"

"इथलंच उडते, काकू. उन्हानं वाफ होते, वाऱ्यावर जाते आणि थंडीत बर्फासोबत खाली बसते."

"म्हणजे आपला माल हिमालयापर्यंत जाते?" विजयमालाताईंच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा अभिमानच जास्त होता.

"पोटात गेलं त्याचं काय?" गुरुजी ओरडले.

"एवढ्यानं काही होत नाही. एवढूशानं कोणी मरत नाही."

इथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण शिकलेल्या माणसाला अर्धवट उत्तर देता येत नाही. तिनं समजावून सांगितलं की पाणी गोठताना बर्फाचा कण विरघळलेली घाण आत घेत नाही, बाहेर ढकलतो. ती कणांच्या अंगावर साचून राहते, म्हणून बर्फ वितळू लागला की पहिल्या पाण्यासोबत ती जवळजवळ सगळी धुऊन येते.

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी मोरीकडे धावले. रांगेत मागं राहिलेल्यांना पहिल्यांदाच मागं राहिल्याचं सुख झालं.

"अन् शेवटी काय राहते?" कुंदाबाईनं विचारलं.

ऋचाचा आवाज खाली आला. "काजळी. ती विरघळत नाही, आई. ती तळाशी बसते."

"मंग ठीक आहे," कुंदाबाई म्हणाली. "या घरात मले कधी पहिल्या धारेचं भेटलं? उरलंसुरलं पचवाची सवय आहे मले."

हसायचं की नाही ते कोणाला कळेना. नीळकंठरावांना तर नाहीच कळलं. लोक पांगल्यावर ते पोरीजवळ येऊन बसले. ती रडत नव्हती, पण रडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

"त्या पिशवीसाठी मी बर्फात कमरेएवढी रुतली होती, बाबा. नाकातून रक्त येत होतं. तिथं परत पुढच्या वर्षीच जाता येईल."

"जलालभाईच्या फ्रीझरमधला बर्फ खरवडून भरून देऊ का? कोणाले समजते?"

ऋचानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाबांनी स्वतःच आपलं तोंड दाबलं. मग हळूच म्हणाले, "मी तुले कधी विचारलंच नाही, तू काय शोधून राह्यली ते. नुसतं हिमालय हिमालय करत फिरलो."

सोमवारी पेटी त्यांनीच उचलली. एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "काका, सामान खाली ठेवा." ते म्हणाले, "हे सामान नाही, पोरीचं काम आहे," आणि नागपूरपर्यंत मांडी बधिर झाली तरी हलले नाहीत. वाटेत ऋचा त्यांना सांगत होती. ते विचारत होते, पारा कुठून येते, काजळीनं बर्फ लवकर काहून वितळते. मागच्या सीटवरचा एक माणूस पुढं वाकून म्हणाला, "काका, आइस्क्रीम आहे का?"

"नाही," नीळकंठराव म्हणाले, "विष आहे. देऊ?"

ऋचा खिडकीकडे तोंड करून हसली.