मुठीत न मावलेला शिलिंग

मित्रांनो, मी एक जुना शिलिंग आहे. अस्सल चांदीचा, वयानं दीडशेच्या पुढचा. लंडनच्या टांकसाळीत एकाच दणक्यात माझ्या एका अंगावर राणी उमटली, दुसऱ्या अंगावर पानांची माळ, आणि मी खणखणत जगात पडलो.

हिंडणं हेच आम्हा नाण्यांचं जगणं. पाववाल्याच्या गल्ल्यातून खाणकामगाराच्या खिशात, तिथून चर्चच्या पेटीत. हिंडत हिंडत हेक्सॅम गावात डॉर्कस नावाच्या बाईच्या हाती लागलो. आमच्याकडे रीत अशी, की तान्ह्या बाळाला पहिल्यांदा बघताना त्याच्या मुठीत चांदीचं नाणं ठेवायचं. मूठ मिटली तर बाळ आलेलं राखणार, नाणं पडलं तर उधळणार! डॉर्कसनं मला तेवढ्यासाठी बटणांच्या डब्यात जपून ठेवलं, म्हणून मी वाचलो. पुढं शिलिंगांतली चांदी निम्मी झाली, मग पार गेली. माझी कितीतरी जुनी भावंडं चांदीसाठी वितळवली गेली. मी मात्र त्या घरातल्या सतरा बाळांच्या ओलसर मुठींत राहून आलो. तशी ऊब कुठल्याच खिशात नव्हती.

डॉर्कसचा पणतू एडविन जुनी नाणी जमवतो. त्यानं जाणकारांकडून माझी प्रत, म्हणजे मी किती चांगला राहिलोय ते, ठरवून घेतली आणि मी पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद झालो. ती डबी उघडत नाही, फोडावीच लागते. आणि फोडली की प्रतीचा शिक्का गेला. वीस वर्षं! दिसायचं सगळं, लागायचं काहीच नाही. एडविन भिंगातून बघून म्हणायचा, "काय राखलाय!" मी आतून ओरडायचो. ऐकणार कोण?

गेल्या वसंतात त्याची मुलगी हेस्टर आपल्या आठवड्याच्या लेकीला, टिलीला, घेऊन आली.

"बाबा, शिलिंग आणा. माझ्याही मुठीत हाच होता ना?"

एडविननं डबीसकट मला टिलीच्या तळहातावर टेकवलं. मूठ ती केवढीशी! डबी मावेना. घसरून खाली पडली.

"घ्या! तुमच्या डबीपायी माझी लेक उधळी ठरली."

"अगं, बोटांचा घाम लागला की डाग पडतो त्याला."

"सतरा पोरांचा लागलाय. मेला का तो?"

एडविननं डबी उचलली. मग उठून पक्कड घेऊन आला. कट्‌! वीस वर्षांनी मला वारा लागला.

"सांभाळा हं, तोंडात घालेल," म्हणत हेस्टरनं टिलीचं मनगट धरूनच ठेवलं. टिलीची मूठ मिटली. अशी मिटली, की सोडवता सोडवता बापलेकीला घाम फुटला.

आता मी पुन्हा बंद आहे. डबी नवी, फिरकीच्या झाकणाची. राणीच्या गालावर टिलीच्या बोटाचा इवलासा ठसा काळसर होत चाललाय. जाणकार त्याला डाग म्हणतील. एडविननं तो पुसलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. फक्त झाकण उघडेल असं ठेवा. हेस्टरला दुसरं बाळ होईल, तेव्हा मला बाहेर यायचंय.