आठ दिवस मी आनेस्तीसची होते

मित्रांनो, १९८४ साली ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणात मला विकून टाकलं, आणि त्याच आठवड्यावर ब्राइनदेल नावाच्या एका मुलीची शाळा अवलंबून होती. किती वर्षं लोटली, पण तो आठवडा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मी एक जुनी पीठ मळायची मशीन आहे. माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यात झाला. अंगाने जाड, रंगाने राखाडी, आणि पोटाशी एक मोठं स्टीलचं भांडं. माझं तारुण्य बॅलरॅट गावच्या बेकरीत गेलं. ती बंद पडली तेव्हा फ्रूमेट लँडाउने मला लिलावात घेतलं. वापरण्याआधी तिने माझं भांडं एलवुडच्या समुद्रात बुडवून काढलं. परधर्मीयाकडून घेतलेलं भांडं आधी असं पाण्यात बुडवायचं, हा ज्यूंचा नियम. पाणी थंडगार होतं, पण मला नव्याने जन्मल्यासारखं वाटलं.

फ्रूमेटच्या गॅरेजमध्ये माझी खरी वर्षं सुरू झाली. तिचा नवरा आझ्रिएल होजिअरीच्या कारखान्यात कामाला होता. घरात सहा मुलं, त्यांतली पाच शाळेत जाणारी. शाळा त्यांच्या समाजाची. सकाळी तोरा हा धर्मग्रंथ शिकवायची, दुपारी गणित. सरकारकडून थोडेच पैसे मिळत, शिक्षकांचे पगार आईबापांच्या खिशातून निघत. आझ्रिएलचा पगार घरात टेकायच्या आधीच शाळेकडे निघालेला असे. म्हणून फ्रूमेट शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या शब्बाथच्या पवित्र दिवसासाठी वेणीच्या आकाराचे पाव करून विकायची. पीठ मी मळायची, वेण्या ती घालायची.

“माझ्या पोरांना ही मशीन शिकवते,” असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. ते ऐकून मी जरा जास्तच जोमाने फिरायची.

पण मित्रांनो, स्तुती करणारी माणसंही तेल घालायला विसरतात. वर्षानुवर्षं पीठ माझ्या दातेरी चाकांत शिरलं, वाळलं, दगडासारखं झालं. त्या वर्षी मार्चमध्ये मी खरखरू लागले.

कुंपणापलीकडे आनेस्तीस राहायचा. मूळचा ग्रीसचा, ट्रामच्या वर्कशॉपमध्ये फिटर. एका सकाळी त्याने कुंपणावरून डोकं काढलं.

“फ्रूमेटबाई, तुमच्या मशीनचा घसा बसलाय. बघू का जरा?”

“बघायचे किती घ्याल?”

“शेजाऱ्याकडून काय घ्यायचं?”

“मग राहू द्या. फुकटचं मला पचत नाही.”

अशी ती होती. शाळेत फीची सवलत देणारी समिती होती. पण तिच्यापुढे बसून आपली गाडी केव्हाची, फ्रिज केव्हाचा, हे सांगायला फ्रूमेट कधी गेली नाही.

त्या वर्षी लहान चौघांची फी कशीबशी भरली, थोरल्या ब्राइनदेलची राहिली. आझ्रिएलने सरकारी शाळेचा एक जुना हिरवा कोट आणून गॅरेजमधल्या खिळ्याला टांगला. “सणानंतरच्या शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर सोमवारपासून हा घालायचा,” तो खाली बघत म्हणाला. ब्राइनदेल तेव्हा बारा वर्षांची. गॅरेजमध्ये कोणी नसलं की ती यायची, कोटाच्या बाहीला हात लावायची आणि निघून जायची. रडायची नाही. तेच मला जास्त लागायचं.

आशा एकच होती. वल्हांडण संपल्यावर येणाऱ्या पहिल्या शब्बाथला चावीच्या आकाराचा पाव खायची त्यांची रीत आहे. त्या चावीने वर्षभराच्या रोजीरोटीचं दार उघडतं म्हणतात. त्या एका शुक्रवारी फ्रूमेटकडे एरवीपेक्षा कितीतरी जास्त मागणी असे. मी चालले तर फी निघणार होती. बंद पडले तर तो कोट होताच.

वल्हांडणाचे आठ दिवस घरात खमिराचा, म्हणजे आंबवलेल्या धान्याचा, कणही चालत नाही. नुसता मालकीचा असलेलाही चालत नाही. म्हणून जे टाकवत नाही ते रब्बींमार्फत, म्हणजे आपल्या धर्मगुरूंमार्फत, परधर्मीयाला विकतात आणि सण संपला की परत घेतात. आमच्या गल्लीचा माल घ्यायचा आनेस्तीस. दरवर्षी तो ठेवणीतला सूट घालून म्हाताऱ्या रब्बी पेर्लश्टाइनांकडे जायचा, थोडे पैसे द्यायचा, हात मिळवायचा, आणि सगळ्या गल्लीच्या व्हिस्कीचा मालक व्हायचा. पण आजवर त्याने एका बाटलीलाही हात लावला नव्हता.

रब्बी यादी करायला आले तेव्हा फ्रूमेट सुरीने माझ्या पोटातलं वाळकं पीठ खरवडत होती.

“मशीन नको विकू गं. तिला चिकटलेलं पीठ तेवढं विक. सगळे तसंच करतात.”

“रब्बी, पीठ कुठे संपतं आणि मशीन कुठे सुरू होते, ते तुम्हीच दाखवा! अख्खी विका. आठ दिवस नजरेसमोर नको मला ती.”

रागात बोलली ती. रब्बींनी तसंच लिहून घेतलं.

सणाच्या आदल्या दिवशी आनेस्तीस ढकलगाडी घेऊन दारात हजर.

“माझी मशीन न्यायला आलोय.”

“न्यायला?” फ्रूमेटच्या हातातलं फडकं गळून पडलं. “असं कोणी नेतं का कधी?”

“कायद्याने त्याचीच आहे ती,” आझ्रिएल हळूच म्हणाला.

“कायदा मला नको शिकवू! शुक्रवारच्या चाव्या काय तुझ्या डोक्यावर मळू?”

रब्बींना बोलावलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. “न्यायचा हक्क त्याला नसता, तर विक्रीच खोटी ठरली असती. जाऊ दे.”

समोरच्या फ्लेक्सरबाई फाटकाशी उभ्याच होत्या. “पाव विकून पोरांना शिकवायला निघाली होती. आता मशीनही गेली!”

मी ढकलगाडीवर आडवी. जाताना मला खिळ्यावरचा हिरवा कोट दिसला आणि त्याच्याजवळ उभी ब्राइनदेल दिसली.

आनेस्तीसच्या शेडमध्येही सणाचीच गडबड होती, कारण त्यांचा ईस्टर त्याच आठवड्यात आला होता. त्याची बायको देस्पिना लाल रंगवलेली अंडी घेऊन दारात आली.

“अहो, सणाला माणूस घरी कोकरू आणतो. तुम्ही हे लोखंड काय आणलंत?”

“माझं आहे. माझ्या पैशाने घेतलंय,” तो ऐटीत म्हणाला.

मग त्याने मला उघडलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या आत कोणी डोकावलं नव्हतं. त्याने वाळकं पीठ छिन्नीने काढलं. घासलेलं बेअरिंग बदललं. एका चाकाचे दात झिजले होते, तर तसंच चाक शोधून आणून बसवलं. तेल घातलं. शेवटी बटण दाबलं, आणि मी फिरले. आवाज नाही, खरखर नाही. देस्पिना ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, “बाई गं, ही तर गुणगुणतेय!”

सण मंगळवारी मावळतीला संपला. चांदण्या दिसताच रब्बी, फ्रूमेट आणि आझ्रिएल शेडमध्ये आले. रब्बींनी ठरलेले पैसे पुढे केले. आनेस्तीसने हात मागे घेतले.

“भाव वाढलाय.”

फ्रूमेटचा चेहरा उतरला. “काय म्हणालात?”

“मोडकी विकलीत, धडधाकट परत मागता? ऐका.” त्याने बटण दाबलं.

फ्रूमेटने माझ्या अंगावर हात ठेवला. “दुरुस्त करायला मी सांगितलं होतं का तुम्हाला?”

“माझ्या मशीनचं मी काय करावं, हे तुम्ही कोण सांगणार? आठ दिवस मालक होतो मी.”

रब्बी दाढीत हसले. फ्रूमेटने कमरेवर हात ठेवले.

“सांगा मग भाव.”

“दर शुक्रवारी एक पाव. मी जिवंत असेपर्यंत.”

“एक?” फ्रूमेट उसळली. “शब्बाथला आमच्या टेबलावर दोन असतात. एक देऊन मला गल्लीत कंजूष ठरवताय? दोन!”

“दोन जास्त होतात, बाई.”

“दोन, नाहीतर ठेवा तुमची मशीन!”

“तिळाचे घ्या हो,” देस्पिना नवऱ्याला कोपराने ढोसत म्हणाली, आणि सौदा ठरला.

दुसऱ्या दिवशी माझं भांडं पुन्हा समुद्रावर निघालं, कारण ते पुन्हा परधर्मीयाकडून विकत घेतलेलं होतं. रागात केलेल्या एका विक्रीमुळे अख्खं घर एलवुडच्या थंड वाऱ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहिलं. तो सैनिकांच्या स्मरणाचा दिवस होता. छातीवर पदकं लावलेले एक आजोबा थांबून बघू लागले.

“काय धुताय गं पोरींनो?”

“माझ्या शाळेची फी!” ब्राइनदेल ओरडली. कित्येक दिवसांनी तिचा आवाज एवढा मोठा निघाला होता.

त्यानंतर मी दमले नाही, अडले नाही. गुरुवारी आणि शुक्रवारी मळतच राहिले. गॅरेजभर चाव्याच चाव्या, मोठ्या, छोट्या, वाकड्या. रांग फाटकाबाहेर गेली. फ्लेक्सरबाईही पिशवी घेऊन आल्या. “तीन दे. आणि मी काही बोलले नव्हते, बरं का.”

“कोण म्हणतं बोललात? चार घ्या,” फ्रूमेट म्हणाली, आणि त्यांनी मुकाट्याने चार घेतल्या.

दुपारी शाळेचे खजिनदार आपली चावी न्यायला आले. फ्रूमेटने पावाच्या आधी पैशांचा डबा त्यांच्या हातात दिला. पिठाने पांढऱ्या झालेल्या नोटा त्यांनी तिथेच ओट्यावर मोजल्या आणि टोपी सारखी केली. “ब्राइनदेल, सोमवारी उशीर करू नकोस. आणि फ्रूमेट, शाळेतल्या मुलांसाठी दर शुक्रवारी पाव लागतात. तू देशील का?”

फ्रूमेट हो म्हणाली आणि लगेच पाठ फिरवून मला पुसू लागली. मी तर स्वच्छच होते.

आता रब्बी पेर्लश्टाइन नाहीत. विक्री खरीच असते, हे सांगताना ते शेवटपर्यंत माझाच दाखला देत. फ्लेक्सरबाई लेकीकडे जेरुसलेमला गेल्या. आझ्रिएलने सहाही मुलांची शेवटची फी भरली त्या दिवशी रस्त्यात नाच केला, असं मी ऐकलं. आनेस्तीस आणि देस्पिनाला अखेरपर्यंत दोन-दोन पाव जात राहिले. आता त्यांची नात एव्हान्थिया दर वल्हांडणाला ढकलगाडी घेऊन येते, आणि परत देताना आजोबांसारखीच म्हणते, “भाव वाढलाय.” ब्राइनदेल त्याच शाळेत गणित शिकवते आणि सवलतीच्या समितीवर बसते. समोर कोणी आई आली की ती गाडी-फ्रिज विचारत नाही. आधी पावाचा तुकडा देते. तो पाव माझ्याच पिठाचा असतो. फ्रूमेट आता खुर्चीत बसून वेण्या घालते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी रोज राबत असेल, यंत्र असेल नाहीतर माणूस. त्याची खरखर ऐकू आली तर थांबा, आत डोकावून बघा, तेल घाला. आणि कुंपणावरून कोणी “बघू का जरा?” म्हणालं, तर त्याला आत येऊ द्या.

तो हिरवा कोट ब्राइनदेलला कधीच घालावा लागला नाही. फ्रूमेटने तो उसवला आणि त्याचं माझ्यासाठी आवरण शिवलं. शुक्रवार उजाडला की ब्राइनदेल ते काढून त्याच जुन्या खिळ्याला टांगते, बटण दाबते, आणि मी गुणगुणू लागते.