चतुराबाईनं फोडलेलं अंडं

भवानीची आण घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा. खोटं निघालं तर माझे उरलेसुरले तीन दात पाडा आणि माझ्याच हातात द्या.

निजामाच्या राज्यातलं डोंगरकडा. रूपाबाई बाळंतिणीच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली. पाठीमागं लेकरू रडून रडून दमलेलं. त्याचा वरचा ओठ मधोमध फाटलेला, दूध ओढता येईना. अन् रूपाबाई त्याच्याकडं बघायलाच तयार नाही.

शेजारची शालूबाई दारातूनच बोलून गेली होती, "गिऱ्हाणात वांगं चिरलं नं तू? मंग! लेकराचा व्हट चिरला."

चिरलं होतं खरं. आठव्या महिन्यात, ग्रहण लागलंय हेच विसरून.

"आत्याबाई, माझ्या हातानं झालं," ती सासूला, चतुराबाईला, म्हणाली. "कोणत्या तोंडानं घेऊ त्याला?"

चतुराबाई उठून बाहेर गेली. तिची तांबडी कोंबडी खुडूक बसलेली. अशी तिखट, की गावचा पाटीलसुद्धा तिला वाट द्यायचा. तिच्याखालच्या अंड्यांना चतुराबाई कुणाचा हात लागू देत नसे. त्यातलंच एक तिनं आणलं आणि सुनेपुढं पितळीत फोडलं.

"अगं बाई! काय केलं हे?"

"बघ तर."

बलकावर लाल शिरांचं जाळं. मधी इवलासा ठिपका धडधडत होता. बाजूला काळा डोळा.

"आत्ताशी चार-पाच दिस झाले. चोच कुठं, पाय कुठं, समदं आतल्या आत ठरून राहिलं. कोंबडीला कुणी इचारलं का?"

"ती कोंबडी हाय, आत्याबाई."

चतुराबाईचा आवाज खाली आला. "माझं पहिलं तिसऱ्या महिन्यातच पडलं. तळहातावर मावलं. त्याला व्हट होते, रूपा. बोटं होती. व्हट तव्हाच होऊन जातो. तुहं वांगं आठव्यातलं. चिरायचं उरलंच काय होतं?"

हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

पितळीतला ठोका मंदावला, थांबला. रूपाबाई वळली आणि तिनं लेकरू उचललं.

"कापसाचा बोळा दुधात भिजव," सासू म्हणाली. "थेंब थेंब पीळ त्याच्या तोंडात."

लेकरानं गिळलं.

दुपारी पाळण्यावर ऊन आलं, तर तांबडी कोंबडी काठावर चढली आणि पंख पसरून सावली धरून बसली.

बरं, हे एवढं मी रचलं. कोंबडी आलीच नव्हती. ऊन उतरेपर्यंत पदर पसरून चतुराबाईच उभी होती.