गेलेले दिवस

विजयाबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला आणि टांग्यात घोकलेलं वाक्य हकिमांपुढे एका दमात म्हणून टाकलं.

"हकीमजी, हमारे दिन गये हैं. दवा चाहिए."

पोट पाडायचं औषध लष्कर या मराठी वस्तीतल्या वैद्यांकडे मागायची सोय नव्हती. तिथे नाडी धरायच्या आधी माहेर कुठलं ते विचारत. म्हणून त्या थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजिऱ्याच्या वस्तीत, मराठीचा गंध नसलेल्या हकिमांकडे आल्या होत्या. चाळिशी उलटून दोन वर्षं झालेली, आणि दिवाळीला लेक शालिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. लेकीच्या पाटाशेजारी आईचाही पाट मांडून दोघींची ओटी भरणार, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटत होता.

हकिमांनी पांढरी दाढी कुरवाळली.

"सबके जाते हैं, बाई. घबराइए मत, लौट आएँगे."

पाळी परत येईल हे इतक्या अदबीने दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. विजयाबाईंचा जीव भांड्यात पडला.

औषध मात्र भलतंच चविष्ट चाटण निघालं. बदाम, केशर, वर चांदीचा वर्ख. पाप इतकं गोड लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. रोज सकाळी देवघराकडे पाठ करून त्या चमचाभर खात आणि दिवसभर धास्तावून वाट पाहत. वीस दिवस झाले. पाळी काही आली नाही. गालांवर लाली तेवढी आली. शेजारच्या सुधाताई तर काय खाता म्हणून विचारूनच गेल्या.

एकविसाव्या दिवशी बरणी यजमानांच्या, सूर्याजीरावांच्या हाती लागली. ते सरकारी रिसाल्याच्या दफ्तरात कारकून होते, उर्दू रोजच्या वाचनातली. बरणीवरची चिठ्ठी वाचून ते मिशीतल्या मिशीत हसले.

"गेलेलं तारुण्य परत आणणारं माजून. आता या वयात कशाला गं?"

विजयाबाई मटकन खाली बसल्या. हकीम काय परत आणणार होते ते त्यांना आत्ता कळलं. रडावं की हसावं सुचेना.

"अहो," त्या म्हणाल्या, "दिवस गेले, याला हिंदीत काय म्हणतात?"

"पाँव भारी होना." सूर्याजीरावांनी चमचाभर माजून उचललं. "का? शालिनीबद्दल कुणाला सांगायचंय?"

विजयाबाईंनी आपले पाय हळूच लुगड्याखाली ओढून घेतले.

सूर्याजीरावांचा चमचा तोंडापाशीच थांबला.