अक्कम्मा खाडी धुवायला निघाली

मित्रांनो, मी एक जुना नकाशा हाय. पन जुना म्हंजी टाकाऊ न्हवं, आदीच सांगून ठिवतो!

राहतो सोलापुरात, पन माझ्या अंगावर समुद्राचा काठ हाय. निळी खाडी, मिठागरं, तिवराची झाडी आन चिखलाच्या कडंला गिरण्यांची धुराडी. मोजणीवाल्यांनी कमरंएवढ्या चिखलात हुबं ऱ्हाऊन मला काढलं. फाटू नये म्हनून पाठीला मांजरपाटाचं जाड कापड डकवलं. त्यो मांजरपाटच माझ्या जिवावर उठला बगा!

पुढं कारखानेवाल्यांनी ती दलदल बुजवली. नवे नकाशे आले, त्यात खाडीच्या जागी सरळ रस्ते. मला रद्दीत काढलं. त्या मोजणी हापिसातल्या बिरप्पा शिपायानं सोलापूरला घरी आनलं, तशी त्याची बायको अक्कम्मा लई खूश झाली. असला नकाशा भिजवायचा, कागद सोडवायचा आन खालचं कापड वापरायचं, ही शिपायांच्या घरची रीतच. त्यात बहात्तरचा दुष्काळ. सून दाक्षायणीचे दिवस भरत आलेले.

"बाळाची कुंची हुतीया बग ह्याची," अक्कम्मा म्हनली.

"आत्याबाई, ह्यात खाडी हाय की! बाहीर तर बुजवली म्हनं. हितनं बी धुतली तर संपलीच."

"तुज्या बापाची हाय व्हय? हितं टँकर येईना आन हिला खाडीचा पुळका!"

तिनं टँकरचं घागरभर पानी घमेल्यात वतलं आन मला बुडवलं. मी म्हनलं, बुजवनारे बुजवून दमले, तू कोन गं? घटाघटा सगळं पानी पिऊन टाकलं! घमेलं कोरडं ठाक. अक्कम्मा चिडली, लुगडं खोचून मला पायानं तुडवाय लागली. पाय नेमका पडला दलदलीवर. घोट्यापातूर रुतला!

"अग्गागागा! वड गं दाक्षे!"

"आदी कबूल करा, न्हाई धुनार."

"न्हाई धुनार! तुज्या खाडीची शपत! वड की आता!"

दाक्षायणीनं वडलं. पाय निघाला, पायातलं जोडवं न्हाई निघालं.

कुंची बिरप्पाच्या जुन्या धोतराची झाली. मी भिंतीवर चढलो. तर मित्रांनो, जुनं दिसलं की फडकं कराय धावू नगा. आदी त्यात काय जित्तं हाय ते बगा. आन जोडवं मागाय कुनी येऊ नगा. देनार न्हाई!