खुर्ची खाणाऱ्या माश्या

बल्लारपूरचा देवराव सकाळी चहा पीत बसला होता, तेवढ्यात अंगणातून कुरकुर ऐकू आली. कोणीतरी वाळकी भाकर चावत असावं तशी. उंदीर असेल म्हणून तो काठी घेऊन उठला. आवाज त्याच्या बायकोच्या, कांताच्या खुर्चीतून येत होता.

खुर्ची बांबूची. जयंतीला बुद्धविहाराचा कठडा रंगवून निळा रंग उरला होता, तो कांताने हिला फासला होता. कांता जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून त्या खुर्चीवर देवराव स्वतः बसला नाही, पाहुण्यालाही बसू दिलं नाही. रोज फडक्याने पुसायची, बस.

खुर्चीच्या हातावर गांधीलमाशी बसली होती. तिचा जबडा आपल्यासारखा वरखाली नाही, कात्रीसारखा आडवा चालायचा. मागे मागे सरकत ती बांबूचा पापुद्रा खरवडायची, चावून त्याची गोळी करायची आणि उडून जायची. लगेच दुसरी हजर.

"पाळी लावून खुर्ची खाऊन राह्यल्या का बे!" देवरावने फडकं फिरवलं. एक माशी कानाला डसली.

शेजारच्या बायनाबाईने कुंपणावरून पाहिलं. "काऊन भाऊ, कानाचा वडा कसा झाला?"

"माश्या कांताची खुर्ची खाऊन राह्यल्या."

"मंग पोळं जाळा ना! फडक्यानं कोणी माश्या हाकलते का?"

संध्याकाळी मुलगा संघपाल खाणीतून ड्यूटी करून आला. त्याने काठीला चिंधी गुंडाळली, गाडीच्या जुन्या ऑइलात बुडवली आणि पेटवली. पोळं वळचणीला लटकत होतं. ते दाखवायला देवरावने मान वर केली आणि तो पाहतच राहिला. पोळं राखाडी कागदाचं होतं, आणि मधे मधे निळे पट्टे.

"विझव ते."

"आता काय झालं, बाबा?"

"तुही माय रंगवून गेली तोच रंग आहे. पाह्य ना वर."

बायनाबाई कुंपणापलीकडे चवड्यांवर उभी राहिली. "अगो बाई, खरंच की!"

"खाऊन नाई राह्यल्या. कागद बनवून राह्यल्या," देवराव म्हणाला. "आमच्यासारखाच, बांबूचा. ना मशीन, ना भोंगा. नुसत्या तोंडानं."

देवरावची सारी नोकरी कागद कारखान्यात गेली. कांता टोमणा मारायची, जन्मभर कागद बनवता, घरी एक कोरी वही तरी आणली का? आता घरीच कारखाना निघाला होता. हे तिला सांगता आलं असतं तर पोट धरून हसली असती.

त्याने खुर्ची उचलली आणि वळचणीजवळ आणून ठेवली.

"बाबा, अजून डसतील!"

"कच्चा माल घरपोच देऊन राह्यलो. डसतील काऊन?"

"अन् भाऊ, खाता खाता खुर्चीच सरली तं?" बायनाबाईने विचारलं.

देवरावने सुजलेला कान चोळला. मग फडकं खांद्यावर टाकून तो खुर्चीत बसला. खुर्ची करकरली, पण तिने त्याला झेललं.

"सरू दे," तो म्हणाला. "तोवर मी बसतो."